शिमग्यापर्यंत थांबू नका

पत्र दापोली तालुक्यातून आले आहे. पत्रलेखक ग्रामदेवतेच्या जीर्णोद्धार समितीचे खजिनदार. 16 मार्च 2025 रोजी सहाणेवरच्या, म्हणजे पालखी ठेवण्याच्या गावच्या चौथऱ्यावरच्या, सभेत एकाने त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटले, "देवाचे पैसे खाल्लेन नि घर बांधलंन." 18 मार्चला दुसऱ्याने मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता टाकले, "वरच्या वाडीतल्या नव्या कौलांना विचारा, देवळाचा चिरा कुठे गेला." पत्रलेखकांनी पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवली आणि रागाने ग्रुप सोडला. गणपतीला चाकरमानी आले की चार माणसांत मिटेल म्हणून ते थांबले आणि डिसेंबरात वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तर आले, "शिमग्याला गावात बसू." आता फेब्रुवारी 2026 मध्ये ते विचारतात, ती बैठक फिसकटली तर अब्रूनुकसानीचा दावा लावावा का?

बैठक फिसकटेपर्यंत दावा लावण्याची मुदत संपलेली असेल. बाकी सगळे यानंतर.

अब्रूनुकसानीच्या भरपाईच्या दाव्याला मुदत एक वर्षाची आहे. मुदत कायदा 1963 च्या परिशिष्टातला अनुच्छेद 75 लेखी बदनामीसाठी आहे आणि 76 तोंडी बदनामीसाठी. वर्ष मोजायचे ते मजकूर प्रसिद्ध झाला किंवा शब्द उच्चारले गेले त्या दिवसापासून. नोटीस दिली तेव्हापासून नाही, एनसी नोंदवली तेव्हापासूनही नाही. म्हणजे सभेतल्या वाक्यासाठी शेवटचा दिवस 16 मार्च 2026, सोमवार, आणि ग्रुपवरच्या मजकुरासाठी 18 मार्च, बुधवार. या दोन वेगळ्या माणसांविरुद्धच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांच्या तारखाही वेगळ्या. होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. पालख्या नाचवून, घरोघर फिरवून गाव बैठकीला बसेपर्यंत पाडवा येईल. समोरच्याने जाणूनबुजून शिमगा सांगितला की सहज, हे मला माहीत नाही. परिणाम मात्र एकच होईल.

तारीख हुकली तर न्यायाधीशांच्या हातातही काही उरत नाही. उशीर माफ करण्याची तरतूद, म्हणजे त्याच कायद्यातले कलम 5, अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम 3 प्रमाणे न्यायालयाला दावा फेटाळावाच लागतो. "पण मजकूर अजून ग्रुपवर दिसतो" या युक्तिवादावर विसंबू नका. इंटरनेटवर मजकूर नुसता टिकून राहिल्याने रोज नवे वर्ष सुरू होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्येच म्हटले आहे. तोच मजकूर कोणी नंतर पुढे पाठवला असेल तर त्या माणसापुरते ते नवे प्रकाशन म्हणता येईल, पण मूळ लिहिणारा त्याने पुन्हा हाती लागत नाही.

तीन वर्षांचा आकडा पत्रात आहे आणि अशा बहुतेक पत्रांत असतो. तो फौजदारी तक्रारीचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा ही शिक्षा आहे, आणि तेवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत तीन वर्षे. ती वाट मार्च 2028 पर्यंत उघडी आहे, म्हणून आज तिची घाई नाही. हा गुन्हा अदखलपात्र असल्याने एनसीवर पोलीस आपणहून तपास करणार नाहीत. दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार तुम्हालाच करावी लागेल, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीलाही ऐकले जाईल. तारखा किती पडतील ते सांगण्यात अर्थ नाही.

नोटिशीबद्दल स्पष्टच लिहितो. खाजगी माणसाविरुद्ध असा दावा लावण्यापूर्वी नोटीस देण्याची कायद्यात सक्ती नाही, आणि नोटिशीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. नऊ महिने चार माणसांच्या भरवशावर गेले आणि उरलेले एका पत्राच्या उत्तराची वाट पाहण्यात. गावात राहायचे तर नाते तोडवत नाही, हे समजते. पण दावा दाखल करूनही बोलणी करता येतात.

आता उरलेल्या आठवड्यांत काय करायचे ते. दावापत्रात बदनामीचे शब्द जसेच्या तसे यायला हवेत. "वादीची बदनामी करणारी भाषा वापरली" असे मोघम लिहिलेला दावा लंगडा असतो. "खाल्लेन", "बांधलंन" हे बोलीतले शब्द तसेच ठेवा, खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या, सभेत ऐकणाऱ्या तिघा-चौघांची नावे द्या. ग्रुपवरच्या मजकुरात तर नावच नाही. तिथे वरच्या वाडीत त्या वर्षी नवी कौले कोणाच्या घरावर चढली, चिऱ्याची खरेदी कोणाच्या हातून झाली आणि वाचणाऱ्यांनी त्यातून कोणाला ओळखले, हे स्वतंत्रपणे मांडून साक्षीदारांनी सिद्ध करावे लागेल. भावकीबाहेरचा एखादा सदस्य असे सांगायला तयार असेल तर उत्तम.

स्क्रीनशॉट पुतण्याच्या फोनवरून घेतले आहेत असे पत्रात आहे. मग पुरावा त्या फोनमध्ये आहे. पुतण्याने तो विकू नये, फॉरमॅट करू नये, ग्रुपही सोडू नये. चॅट एक्सपोर्ट करून ठेवावे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागेल. त्याचा भाग 'अ' फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे पुतण्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे ती बदललेली नाही हे दाखवणारी तिची सांकेतिक खूण, लिहायचे. प्रमाणपत्राशिवाय छापील प्रत चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, जुन्या पुरावा कायद्यातल्या 65-ब कलमाच्या संदर्भात, पक्के केले आहे.

प्रतिवादी दोनच ठेवा. ग्रुपवर अंगठा दाखवणाऱ्या सगळ्यांना ओढलेत तर बेलीफ वर्षभर बंद घरांवर समन्स चिकटवत फिरेल. ॲडमिनलाही सोडा: सदस्याच्या मजकुराला तो केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, असे नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे. मात्र जे दोन आहेत त्यांची कागदोपत्री पूर्ण नावे आजच काढा. ग्रुपवर दिसते ते टोपणनाव. चुकीच्या माणसावर दावा लागला आणि खरा माणूस एप्रिलमध्ये जोडला, तर सर्वसाधारणपणे त्याच्यापुरता दावा एप्रिलमध्ये लागला असेच धरले जाते. गावचा आणि मुंबईचा, दोन्ही पत्ते द्या. बदनामी दापोलीत झाली असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 19 खाली दावा तिथे लावता येईल. कोणत्या स्तरावरच्या न्यायालयात, ते मागितलेल्या रकमेवर ठरेल. कोर्ट फीसुद्धा रकमेवरच असते, तेव्हा रागाच्या भरात पन्नास लाख लिहू नका.

एक गोष्ट मला खरोखर खटकली. वर्गणीचे पैसे काही महिने तुमच्या स्वतःच्या बचत खात्यात होते. समितीचे खाते उघडायला वेळ लागला, हे कारण गावाला पटेल, उलटतपासणीत पुरणार नाही. दिवाणी दाव्यात आरोप खरा असणे हाच प्रतिवादीचा सगळ्यात मोठा बचाव असतो. म्हणून पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, त्या काळाचे बँक विवरण, चिरेखाणीची बिले आणि गवंड्यांच्या मजुरीच्या नोंदी तारखेवार लावून एखाद्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्या. एखादी रक्कम जुळत नसेल तर ती तुमच्या वकिलाला दावा लावण्याआधी कळली पाहिजे.

त्या दोघांपैकी एकाने धर्मादाय आयुक्तांकडे तुमच्याविरुद्ध केलेला अर्ज या दाव्यात घालू नका. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्हेतूने केलेली तक्रार कलम 356 च्या अपवादांत बसते, दिवाणी बाजूलाही तिला बहुधा संरक्षण मिळेल. यंदा पालखी तुमच्या दारात थांबणार नाही अशी कुजबुज आहे, तो विषय वेगळा. गावकीने खरेच तसे ठरवले तर महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो गुन्हा दखलपात्र आहे, तिथे एनसीवर भागवून घेऊ नका. मात्र आज तरी ती कुजबुजच आहे.

शिमग्याच्या निमंत्रणाला दोन ओळींचे उत्तर द्या: बैठकीला येईन, दावा त्याआधी दाखल होईल. तिथे मिटले तर तोंडी माफी घेऊन परतू नका. सभेत बोलणाऱ्याने सहाणेवर सगळ्यांसमोर आणि ग्रुपवर लिहिणाऱ्याने त्याच नंबरवरून त्याच ग्रुपवर आरोप मागे घ्यायचा. हिशेब पाहिला, अफरातफर झालेली नाही, हे वाक्य दोघांच्या मजकुरात असले पाहिजे. तो मजकूर तडजोडपत्रात लिहून, सह्या घेऊन न्यायालयात दाखल करा आणि त्यावर हुकूमनामा घ्या.