माझ्या कथेत एका टोळीतल्या पोराला कालप्रवासात ओढायचंय, कोकणात कुठला काळ निवडू?

माझं मत विचाराल तर विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६. शिवाजी महाराजांच्या काळात सगळेच पाठवतात, तो मोह टाळा.

मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रज आरमार आलं, आणि जमिनीवरून खुद्द पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने! तोफगोळ्याने रेस्टोरेशन जहाज पेटलं (तेही आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडलेलं), तिथून आग पसरत अख्खं आरमार खाक झालं. तुमचा पोरगा टोळीतला, त्याला 'आपले' आणि 'त्यांचे' एवढंच कळतं. तो विचारणार, "मगे आपली माणसां खंयची?" कथा इथेच आहे.

पोराला चोरट्या वाळूवाल्यांचा पहारेकरी करा. वाघोटन खाडीच्या काठावर बसून तहसीलदारांची गाडी दिसली की फोन लावायचा, एवढंच काम. फोन तिकडे बंद, पण भरती-ओहोटी त्याला तोंडपाठ: रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उतार. चंद्र बघून पाणी सांगतो, त्यामुळे दोन्ही पक्षांना तो हवा.

कालयंत्राचं स्पष्टीकरण दोन ओळींत उरका.