यादवी चालू असलेल्या देशात परदेशी निरीक्षक आले की सार्वभौमत्व संपतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. यादवी पेटलेल्या देशात संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक उतरले म्हणजे त्या देशाचं सार्वभौमत्व गेलंच ना, ही एक. आणि उद्या कोणी मागणी केली तर असे निरीक्षक आपल्या गडचिरोलीतही येतील का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी देतो.

नाही येणार. निरीक्षक मोहिमेला यजमान देशाची संमती लागते आणि भारत गडचिरोलीतल्या संघर्षाला अंतर्गत कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न मानतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या कलम २(७) प्रमाणे देशाच्या अंतर्गत कारभारात राष्ट्रसंघाला हात घालता येत नाही. अपवाद फक्त प्रकरण सातखालच्या सक्तीच्या कारवाईचा, आणि निःशस्त्र निरीक्षकांना सक्ती करता येतच नाही. ज्याच्या हाती काठीही नाही, तो तुमची चौकी तुमच्या मर्जीशिवाय ओलांडणार कसा? अंतर्गत सशस्त्र संघर्षांसाठी १९७७ साली झालेला जिनिव्हा करारांचा दुसरा पूरक करारही भारताने स्वीकारलेला नाही.

आता मोठा प्रश्न. धुऱ्याचा वाद झाला की आपण मोजणीचे पैसे भरतो, भूमी अभिलेखचा माणूस येतो, दोन्हीकडच्यांना नोटीस देऊन हद्दीच्या खुणा दाखवतो आणि निघून जातो. वावर त्याच्या नावावर चढत नाही, आणि रात्री कोणी खुणेचा दगड उपटला तर तो अडवायलाही तो नसतो. निरीक्षकाचं काम तेवढंच: पाहायचं, मोजायचं, लिहायचं. म्हणून नुसत्या येण्याने सार्वभौमत्व जात नाही. खरी ओढाताण येण्याच्या अटींवर होते, आणि त्या अटी वर्तमानपत्रात सहसा छापून येत नाहीत.

सुरक्षा परिषदेचा ठराव झाला की यजमान देशाशी वेगळा दर्जा-करार करावा लागतो. त्यात व्हिसा किती दिवसांत द्यायचा, रेडिओच्या कुठल्या लहरी वापरायच्या, गाड्या आणि डिझेलवर जकात लागणार का, दुभाषे कोण नेमणार, गस्तीची सूचना आधी द्यायची की नाही, हे सगळं येतं. ज्या सरकारला मोहीम नको असते पण नाही म्हणायची सोय नसते, ते याच कलमांत अडवतं. अमुक देशाचा अधिकारी चालणार नाही, तमुक रस्ता आज असुरक्षित आहे, हेलिकॉप्टर आमचंच वापरा. गस्तीचा रस्ता आदल्या दिवशी सांगावा लागला, तर तोफा रातोरात हलतात आणि निरीक्षक रिकामं मैदान पाहून येतात.

सीरियात २०१२ साली हेच झालं. १४ एप्रिलच्या ठराव २०४२ ने ३० जणांची पहिली तुकडी, २१ एप्रिलच्या ठराव २०४३ ने ३०० पर्यंत निःशस्त्र लष्करी निरीक्षक, मुदत ९० दिवस, प्रमुख नॉर्वेचे मेजर जनरल रॉबर्ट मूड. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता आणि दोन्ही ठरावांच्या बाजूने होता. २५ मे रोजी होम्सजवळ हूला इथे शंभरावर माणसं मारली गेली, त्यात ४९ मुलं. निरीक्षक दुसऱ्या दिवशी पोचले.

अशा ठिकाणी ते काय पाहतात, ते समजून घेण्यासारखं आहे. तोफगोळा तिरपा येऊन पडला की खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखी माती उडते. त्या दोन पंखांमधला कोन दुभागायचा आणि होकायंत्राने दिशा घ्यायची, म्हणजे गोळा कुठल्या बाजूने आला ते कळतं. दोन-तीन खड्ड्यांच्या दिशा नकाशावर आखल्या की रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तोफ असावी. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचे, गोळ्याचे तुकडे उचलून व्यास ठरवायचा, कारण जड तोफा आणि रणगाडे कोणाकडे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाऊस पडला किंवा कोणी खड्डा बुजवला की पुरावा गेला. म्हणून एका चौकीवर गाडी सहा तास अडवणं ही छोटी गोष्ट नाही. हूलात तोफा आणि रणगाड्यांच्या माऱ्याच्या खुणा निरीक्षकांनी नोंदवल्या, पण अगदी जवळून मारलेल्यांना कोणी मारलं ते खड्डे सांगत नाहीत. तिथे जिवंत साक्षीदार लागतात आणि ते परदेशी गाडीपाशी उभे राहायलाही घाबरतात. जूनच्या मध्यात गस्त थांबली, १९ ऑगस्टला मोहीम संपली.

माझं मत स्पष्ट आहे: शस्त्रसंधी टिकलेली नसताना निरीक्षक पाठवणं चूक आहे. मोजायला जेव्हा ठरलेली वस्तू असते तेव्हाच ते उपयोगी पडतात.

नेपाळ बघा. माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यात शांतता करार झाल्यावर २३ जानेवारी २००७ च्या ठराव १७४० ने निरीक्षक मोहीम आली. माओवादी लढवय्ये ७ मुख्य आणि २१ उपछावण्यांत. हत्यारं कंटेनरमध्ये, कुलूप एकच आणि त्याची किल्ली माओवाद्यांच्याच कमांडरकडे. राष्ट्रसंघाकडे यादी, कॅमेरा आणि सायरन. कंटेनर उघडलाच तर अडवायचं नाही, पण लपून उघडता येणार नाही. नेपाळी सैन्यानेही तितकीच हत्यारं तशीच ठेवली. किल्ली घेतली असती तर ती शरणागती ठरली असती आणि करारच झाला नसता. माणसांच्या पडताळणीत, २५ मे २००६ या दिवशी वयाची १८ वर्षं पूर्ण नसलेल्यांना वगळलं. शेवटी १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले, हत्यारं मात्र ३,४७५. हा फरक नेपाळच्या राजकारणात पुढे वर्षानुवर्षं धुमसत राहिला. निरीक्षक कंटेनरमधलं मोजतात, जंगलात पुरलेलं नाही.

इंडोनेशियातल्या आचेमध्ये २००२ च्या शस्त्रसंधीनंतरही परदेशी निरीक्षक होते, पण बंडखोरांची स्वातंत्र्याची मागणी तशीच उभी असल्याने २००३ च्या मे महिन्यात सगळं कोसळलं. त्सुनामीनंतर १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत जो करार झाला, त्यात आचे इंडोनेशियातच राहणार हे आधी पक्कं झालं. मग बंडखोरांची ८४० हत्यारं चार टप्प्यांत जमा करून लोकांसमोर कापली. न चालणारी हत्यारं मोजणीत धरली नाहीत. निरीक्षकांच्या कामावर दोन्ही पक्षांना नकाराधिकार नाही, हे कलम इंडोनेशियाने स्वतः सही करून मान्य केलं, आणि प्रदेश राखला.

तुमची भीती अगदीच निराधार नाही. सर्बियाच्या तेव्हाच्या कोसोवो प्रांतात १९९८-९९ साली युरोपीय सुरक्षा संघटनेचे पडताळणी निरीक्षक होते. जानेवारी १९९९ मध्ये राचाक गावातलं हत्याकांड त्यांच्या प्रमुखाने जगासमोर मांडलं, २० मार्चला निरीक्षक निघाले आणि २४ मार्चला नाटोचे बॉम्ब पडू लागले, तेही सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय. तेव्हापासून अनेक सरकारं निरीक्षकाकडे हल्ल्याचा पूर्वदूत म्हणून पाहतात.

शेवटी मुदतीचं कलम, ज्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. नेपाळची मोहीम १२ महिन्यांची होती. नेपाळच्या विनंतीवरून ती वाढत गेली आणि १५ जानेवारी २०११ रोजी निरीक्षक गेले. याउलट काश्मीरमधला निरीक्षक गट, जो यादवीसाठी नव्हे तर दोन देशांमधल्या शस्त्रसंधीसाठी आहे, १९४९ पासून अजून आहे. १९७२ च्या सिमला करारानंतर त्याचं काम संपलं असं भारत मानतो, त्याच्याकडे तक्रारी नेत नाही, २०१४ मध्ये दिल्लीतला बिनभाड्याचा बंगलाही रिकामा करायला सांगितला. पण त्याला संपण्याची तारीखच नाही, आणि परिषदेने नवा ठराव केल्याशिवाय तो गुंडाळता येत नाही, असं राष्ट्रसंघाचं म्हणणं आहे.