माझ्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावरच्या अळ्यांचं खरंच फुलपाखरू होतं का? घरी बघता येईल का?

होतं की! आणि तुमच्या बाल्कनीत कढीपत्ता आहे म्हणताय म्हणजे अर्धं काम झालंच, फक्त अळ्या दिसल्या की लगेच औषध मारू नका.

मी डोंबिवलीत राहतो, ग्रिलमध्ये रंगाच्या जुन्या डब्यात कढीपत्ता लावलाय. पहिल्या वर्षी पानांवर चिमणीची शीट पडलीय समजून दोनदा पाणी मारलं, तिसऱ्या दिवशी बघतो तर शीट शेजारच्या पानावर! ती कॉमन मॉर्मन नावाच्या काळ्या फुलपाखराची अळी. लहान असताना अशीच काळपट-पांढरी दिसते म्हणून पक्षी फसतात, शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार. बोट लावलं तर डोक्यामागून लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि असा आंबूस वास सोडते की विचारू नका.

सुरुवात मादीपासून करा. काळं फुलपाखरू झाडावर नुसतं फडफडत पुढच्या पायांनी पानांवर टपटप करत असेल तर ती पायांनी चव बघतेय, झाड बरोबर आहे ना म्हणून. मग पोट वाकवून कोवळ्या पानावर एकच पिवळसर अंडं, बारीक मोहरीएवढं. तीन-चार दिवसांत अळी निघते, पहिल्यांदा टरफलच खाते.

दोन-तीन आठवड्यांनी अळी खायची थांबते, पातळ शी करते आणि सैरावैरा पळत सुटते. मला वाटलं आजारी पडली, आणि दुसऱ्या दिवशी गायबच! शेवटी कपडे वाळत घालायच्या दोरीखाली सापडली, ताडी काढणारे कमरेला दोर अडकवून मागे रेलतात ना, अगदी तशी एका धाग्यावर रेललेली. तोच कोष. साधारण आठ-दहा दिवसांनी कवचातून पंखांचा रंग दिसायला लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा, मी उशिरा उठून तीनदा चुकवलंय. बाहेर येतं तेव्हा पंख ओल्या चुरगळलेल्या कागदासारखे असतात, ते वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

प्रत्येक वेळी फुलपाखरूच निघेल असं नाही हां. माझ्या एका कोषाला भोक पडून त्यातून बारीक माश्यांसारखे परजीवी किडे निघाले, मुलगी दिवसभर रुसून बसली होती.

बाकीची फुलपाखरं बघायची तर रुईवर प्लेन टायगर बघा, कण्हेरीवर कॉमन क्रो (त्याचा कोष चांदीसारखा चकाकतो, मला सगळ्यात आवडतो), पानफुटीवर रेड पिएरो, त्याची अळी तर पानाच्या आत शिरून गर खाते. अळी बरणीत ठेवायची असेल तर ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं रोज ताजी द्या, कोथिंबीर बिंबीर टाकून चालत नाही, उपाशी मरते. नर्सरीतून नवीन रोप आणलं तर त्यावर औषध मारलंय का ते आधी विचारा.

आणि फोडणीला पानं तोडताना दोन्ही बाजू बघून घ्या, आमच्याकडे एक अंडं आमटीत गेलंय.