आधी एक वही कर

चि.,
अनेक आशीर्वाद.

अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या आजाराचं, निदान झालं की ‘हे खाऊ नको, ते खाऊ नको’ सांगणारे चहूकडून भेटतात. त्यांचं ऐकण्याआधी एक वही कर. शौचाला किती वेळा जावं लागलं, रक्त किंवा आव पडली का, रात्री झोपेतून उठावं लागलं का आणि दिवसभरात काय खाल्लं, एवढं रोज लिही. रविवारी सकाळी वजन. यातलं रात्रीचं उठणं सगळ्यात बोलकं. नुसत्या नाजूक पोटाने सहसा झोपमोड होत नाही.

पदार्थ बंद करायचा तर एका वेळी एकच, तोही दोन आठवडे. दूध, गहू, मसाला एकदम सोडलं तर फरक कशाने पडला ते कळत नाही, वजन मात्र उतरतं. दूध सोसत नसलं तरी दही-ताक बहुतेकांना चालतं. कॅल्शियम तुटू देऊ नकोस. स्टिरॉइड चालू असताना तर मुळीच नाही, हाडं ठिसूळ होतात.

आजार उसळला की लोक पेजेवर राहतात, आणि तिथेच चुकतं. सुजलेल्या आतड्यातून प्रथिनं झिरपून जातात, म्हणून ती जास्त लागतात: रोज वजनाच्या किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम. 50 किलो वजनाला 60 ते 75 ग्रॅम झाले. पेजेत ती नावालाच. मऊ भातावर मुगाचं घट्ट वरण, उकडलेलं अंडं (एकात साधारण 6 ग्रॅम), काटे काढलेला मासा, पनीर असं खा. दुधी साल-बिया काढून अगदी मऊ शिजव. मक्याचं कणीस, शेंगदाणे, कच्ची कोशिंबीर तेवढ्यापुरती थांबव. शांत झाल्यावर एकेक परत आण, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तराचं बरंचसं पोषण त्या चोथ्यातून होतं.

जुलाब वाढले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नकोस.

अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. त्याने आजार उसळू शकतो. पॅरासिटॅमॉल चालेल.

हे सगळं गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या ऐवजी नाही. हे कळवळून सांगणं आहे. बरं वाटू लागलं की मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं रोजचं औषध, हळूच सुटतं आणि आतली सूज न दुखता वाढते. शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) ग्रॅममागे 250 मायक्रोग्रॅमच्या वर आलं, तर ठणठणीत वाटत असलं तरी डॉक्टरांना भेट. दिवसात 6 किंवा जास्त वेळा रक्त पडलं आणि ताप 100 च्या किंवा नाडी 90 च्या वर गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठ. वही बरोबर ने.