आजीच्या अल्बममधलं जुनं विमान कोणतं हे ओळखायला कसं शिकायचं? त्यासाठी एखादं ॲप आहे का?

ॲपचं आधी सांगून टाकते: नको. का ते पुढे येईलच. त्या ॲपपायी आमच्याकडे ऐन गणपतीत अबोला झालेला आहे.

तुम्ही लिहिलंय की विमानाला वरच्या बाजूला एकच पंख आहे, केबिन बंद आहे आणि अंगावरची अक्षरं अर्धी झाकलीत. आमच्या घरातही जवळजवळ असाच फोटो आहे, म्हणून तर लिहायला बसले. एवढ्या वर्णनावरून कुणी छातीठोकपणे नाव सांगत असेल तर तो थापा मारतोय.

सुरुवात नाकापासून करा. सिलिंडर नाकाच्या वर डोकावत असतील तर इंजिन सरळ बसवलेलं आहे, म्हणजे जिप्सी मॉथसारखं काहीतरी (‘मॉथ’ ही डी हॅविलँड या ब्रिटिश कंपनीची त्या काळची छोटी विमानं). नाकाची वरची कड सपाट, पंख्याचा मध्य वरच्या अंगाला आणि पोट खाली लोंबलेलं दिसलं तर इंजिन उलटं टांगलेलं आहे: पस मॉथ, लेपर्ड मॉथ, फॉक्स मॉथ, टायगर मॉथ. नाक गोल थाळीसारखं असेल तर बहुधा वाको, स्टिन्सन अशा अमेरिकन कंपन्यांच्या विमानांकडे बघावं लागतं. फॉक्स मॉथ ओळखणं सगळ्यांत सोपं, कारण त्यात प्रवासी पुढे बंद केबिनमध्ये आणि वैमानिक त्यांच्या मागे उघड्यावर वारा खात बसलेला असतो. आणि एकच पंख, पण तो खाली, चाकांना जाड विजारी घातल्यासारखी आवरणं, असं काही कधी सापडलं तर मला आधी कळवा. ते माइल्स मर्लिन असू शकतं. जगात फक्त ४ बनली, आणि टाटांनी १९३५ मध्ये मुंबई–त्रिवेंद्रम मार्गावर हेच विमान वापरलं होतं.

आता आमचा फोटो. माझे सासरे, म्हणजे मामंजी, धोतर, कोट आणि काळी टोपी अशा वेषात विमानाच्या पंखाखालच्या टेकूला हात लावून उभे आहेत. मागे पेन्सिलीने ‘जुहू’ एवढंच लिहिलंय, साल नाही. मामंजी बरोबर अक्षरांच्या पुढ्यात उभे राहिलेत, त्यामुळे विमानाच्या नोंदणी-नंबरातलं ‘व्हीटी-ए’ (व्हीटी म्हणजे भारत) दिसतं आणि उरलेली दोन अक्षरं त्यांच्या पाठीमागे. आमचे थोरले भावजी लहानपणापासून सांगत आलेत की हेच ते जेआरडी टाटांचं, पहिल्या टपाल-उड्डाणाचं विमान. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जेआरडी जुहूला उतरले, तेव्हा आमचे बाबा स्वागताला उभे होते! त्यांच्या सोसायटीच्या स्मरणिकेत हा फोटो याच मजकुरासह छापून आला. त्या विमानाचा नंबर व्हीटी-एडीएन होता, हे त्यांना कुठूनतरी कळलं आणि मग विचारूच नका. “व्हीटी-ए दिसतंय ना? झालं तर मग!”

अहो, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इथल्या नागरी विमानांचे नंबर व्हीटी-ए यानेच सुरू होतात. त्यातल्या ए वरून विमान ओळखणं म्हणजे गाडीच्या एमएच वरून मालक ओळखणं.

मी नोकरीभर ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंग केलं. यंत्राचं नाव मला नाही सांगता आलं तरी कुठला दांडा कुठे जाऊन जोडलाय ते डोळ्यांतून सुटत नाही. जेआरडींचं १९३२ चं विमान होतं पस मॉथ. पस मॉथचा चाकापासून निघालेला जाड दांडा वर थेट पंखाच्या मुळाशी जातो. आमच्या फोटोत तो पुढे कलून इंजिनाच्या मागच्या भिंतीला जोडलाय. शिवाय पस मॉथचा पंख टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा असतो, टोक फक्त गोलावलेलं. आमच्या फोटोत डावा पंख पुरता आलाय, आणि तो टोकाकडे निमुळता होत जातो. दोन्ही खुणा लेपर्ड मॉथच्या. आणि लेपर्ड मॉथचं पहिलं उड्डाणच मे १९३३ मधलं. जे विमान अजून जन्मालाच आलं नव्हतं ते १९३२ च्या ऑक्टोबरात जुहूला कसं उतरेल?

यावर भावजींनी कपाटातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. जेआरडी विमानाजवळ उभे, आणि विमान आमच्या फोटोतल्यासारखं डिट्टो. “आता बोल!” मी म्हटलं, भावजी, फोटोतल्या माणसाचे केस बघा. त्या पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली म्हणून १९८२ मध्ये जेआरडींनी ७८ व्या वर्षी कराची–मुंबई पुन्हा उडून दाखवलं, आणि तेव्हा त्यांनी उडवलं ते लेपर्ड मॉथ. म्हणजे त्यांच्याच कात्रणाने माझं म्हणणं सिद्ध केलं. हा घोळ फक्त आमच्या घरातला नाही. १९८२ चे फोटो ‘१९३२ मधील ऐतिहासिक क्षण’ म्हणून सर्रास फिरतात. डोळे उघडे ठेवा. जेआरडींचे केस पांढरे असतील तर ते १९३२ नव्हे, एवढं तरी कळायला विमानशास्त्र लागत नाही.

भावजींचं उत्तर: “तुला माझ्या वडिलांचा मोठेपणा बघवत नाही.”

खरं दुखणं इथे आहे. मामंजी जुहूच्या एका हँगरमध्ये सुतारकाम करायचे. सासूबाई मला स्वयंपाकघरात मोकळेपणाने सांगायच्या, पण बैठकीत हा विषय निघत नसे. पस मॉथचं अंग म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड. लेपर्ड मॉथचं अंग प्लायवूडचं. त्या विमानाला सुतार लागायचा. मी मूळ प्रिंट १२०० डीपीआयवर स्कॅन केली आणि कोटाच्या खिशाजवळ मोठी करून पाहिली, तर खिशातून घडीची फूटपट्टी वर आलेली दिसते. पितळी बिजागरीवर उजेड पडलाय. म्हणजे मामंजी विमान बघायला आलेले नव्हते, कामावर होते. मोठ्या माणसाच्या स्वागताला उभं राहण्यापेक्षा मला तर हे कितीतरी मोठं वाटतं. भावजींना ‘सुतार’ हा शब्द दिवाणखान्यात नको आहे.

आणि आता ॲप. भावजींच्या नातवाने फोटोचा फोटो मोबाइलवर काढला, तो व्हॉट्सॲपवरून फिरून आला, मग त्याने तो कुठल्याशा एआय ॲपमध्ये घालून ‘स्पष्ट’ केला. विमान निळं झालं. मामंजींच्या टोपीला जरीसारखी चमक आली. आणि खिशातल्या फूटपट्टीचं चक्क फाउंटन पेन झालं! टोपण, क्लिप, सगळं. ते चित्र फ्रेम करून गणपतीच्या मखराशेजारी लावलं होतं. मी सगळ्यांसमोर विचारलं की हे पेन कुठून आलं, आणि तेव्हापासून थोरल्या घरचा मोदकांचा डबा आलेला नाही. ही ॲपं न दिसणारं दाखवत नाहीत, अंदाजाने भरतात. ओळख पटवायची असते ती नेमकी अशा बारीक जागांवरून, आणि त्या जागा ही पहिल्यांदा पुसतात.

तर तुम्ही काय करायचं? प्रिंट अल्बममधून ओढून काढू नका, कागदी कोपऱ्यांत अडकवली असेल तर हलकेच सोडवा आणि मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का असेल तर गाव मिळतं. मग नाक, चाकाचे दांडे, पंखाचा आकार, शेपूट, खिडक्या अशा क्रमाने कागदावर लिहीत जा. नाव शेवटी. घरात काय सांगतात ते आधी ऐकू नका, नाहीतर डोळा तेच शोधत बसतो. नंबर पुरता मिळाला तर काम खूप सोपं होतं. एअर-ब्रिटन नावाच्या हौशी संशोधकांच्या ब्रिटिश संस्थेने जुन्या विमान-नोंदवह्या छापल्या आहेत, त्यातून मालक बदलल्याचेसुद्धा धागे लागतात. नंबर व्हीटीऐवजी जी-आय असा सुरू होत असेल तर नोंदणी १९२९ च्या आधीची. विमानामागे काय आहे तेही बघा. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं म्हणून टाटांची टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. तेव्हा ‘जुहू’ म्हणून सांगितलेल्या फोटोत मागे डोंगर दिसला तर घरच्यांना दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

हे सगळं नागरी विमानांचं. तुमच्या फोटोत अंगावर गोलात गोल असं चिन्ह असेल तर ते लष्करी, आणि त्यातलं मला फारसं गम्य नाही. निगेटिव्ह उलटी ठेवून काढलेले फोटोही असतात, तेव्हा अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात का ते तपासा. एका खुणेवर नाव ठरवू नका, दुरुस्तीत भाग बदलले जात. आमचं विमान लेपर्ड मॉथ हे मी पैजेवर सांगते, पण ते नेमकं कुणाच्या मालकीचं होतं ते त्या दोन अक्षरांशिवाय नाही सांगता येणार, आणि ती अक्षरं मामंजींनी झाकलीत.

तुमचा फोटो इथे टाका, मागच्या बाजूसकट. रंगवलेला नको. आणि आजी हयात असतील तर विमानाचं राहू दे, फोटोत उभा असलेला माणूस तिथे काय करत होता ते आजच विचारून घ्या, शक्यतो मुलगे घरात नसताना.