मृत्युपत्र आहे, पण मधल्या काळाचं काय?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या विसरभोळेपणाला डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात म्हटल्यावर तू सगळे कागद एका फाइलीत लावलेस: मृत्युपत्र, सोसायटीतलं नॉमिनेशन, बँकेतलं नॉमिनेशन आणि तुझ्या नावाचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी). पहिले तीन कागद बाबा गेल्यावरच कामाला येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात, पण तेही चौघं तोवर थांबूनच राहतात. चौथा कागद तर बाबांची समज जाते त्याच दिवशी संपतो. बाबा आहेत पण निर्णय घेऊ शकत नाहीत, अशा काळासाठी तुझ्या फाइलीत एकही कागद नाही. हा काळ कित्येक वर्षांचा असू शकतो.

कुलमुखत्यारपत्रावर तुझी सगळी भिस्त दिसते, म्हणून आधी तेच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, मुखत्यारी देणारा मनाने अक्षम झाला की मुखत्यारी संपुष्टात येते. ‘माझ्या आजारपणातही ही चालू राहील’ असं वाक्य घातलेले तयार मसुदे सर्रास फिरतात. त्या वाक्याने कलम बदलत नाही. पाय साथ देत नाहीत पण डोकं शाबूत आहे, तेवढ्यापुरतंच कुलमुखत्यारपत्र ठेव.

आता बँक. पेन्शनचं खातं बाबांच्या एकट्याच्या नावावर असेल तर आईचं नाव घालून ते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही एका सहीवर चालणारं, करून घे. मुदत ठेवींत मात्र लोक हमखास अडकतात. ठेव दोघांच्या नावावर, तीही आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणून सगळे निर्धास्त असतात. मुदत पूर्ण झाल्यावर एका सहीवर पैसे मिळतात हे खरं, पण मुदतीआधी मोडायची तर दोघांच्याही सह्या लागतात. दहा लाखांची पाच वर्षांची एकच पावती असेल आणि दुसऱ्याच वर्षी हॉस्पिटलचं बिल आलं, तर पैसे डोळ्यांसमोर असून हात लावता येत नाही. म्हणून एका मोठ्या पावतीच्या पाच-सहा लहान कर, मुदती अशा ठेव की दर चार-सहा महिन्यांनी एक तरी सुटेल. व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. बाबांचा एटीएमचा पिन तुला माहीत आहे, ते मला सांगू नकोस. घरोघरी हेच चालतं, पण तो अधिकार नव्हे. उद्या भावाने हिशेब मागितला की तोच पिन तुझ्यावर उलटतो.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या घराचं कोडं याहून अवघड. इमारत जुनी आहे, पुनर्विकासाची बोलणी आज ना उद्या येणारच. ५१ टक्के सभासदांच्या संमतीने सोसायटीचं पुढचं पाऊल पडतं, पण तुमच्या फ्लॅटच्या बदल्यात मिळणाऱ्या जागेचा करार मालकाने सही करून नोंदवायचा असतो. मालक एकटे बाबा. निम्मा हिस्सा आईला बक्षीसपत्राने देता येईल; राहत्या घरासाठी पती-पत्नीत मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा लागतो. पण दिलेलं बक्षीस मनात आलं म्हणून परत घेता येत नाही, आणि बाबांचा उरलेला निम्मा हिस्सा अडकायचा तो अडकतोच. सगळं घर ट्रस्टमध्ये घातलं तर विश्वस्त बाबांची समज गेल्यावरही काम पाहू शकतो. मात्र ते दस्तऐवज नोंदणीकृत हवेत आणि मुद्रांकाचा हिशेब वकिलाकडून आधी मांडून घे.

सह्या कधी घ्यायच्या, यावर बरंच ठरतं. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी गोंधळ वाढतो, म्हणून दुय्यम निबंधकाकडे सकाळची वेळ घे. बाबांना जाणं जमणार नसेल तर गृहभेटीचा अर्ज करता येतो. त्याच दिवसाचं किंवा आदल्या दिवसाचं न्यूरॉलॉजिस्टचं किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र दस्ताला जोड. ‘प्रकृती ठीक’ एवढ्याने भागत नाही. कोणता दस्त आहे, त्याने काय होणार, कोणाला काय मिळणार, हे बाबांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं, असं त्यात लिहिलेलं हवं. साक्षीदार बाबांपेक्षा तरुण असावेत, आणि दस्तातून ज्यांना काही मिळणार आहे ते नकोतच.

उपचारांसाठी दोन कागद वेगळे करायचे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्य केलेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपं केलेलं लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद: दोन साक्षीदारांसमोर बाबांची सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जावं लागे, ते गेलं. कोणते उपचार कधी थांबवायचे हे मोघम लिहू नकोस. व्हेंटिलेटर, नळीने अन्न, डायलिसिस, एकेकाचं नाव घेऊन लिही. ठरवणाऱ्या नातेवाइकांची नावं घाल. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना, एक ठाणे महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. तिथून आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय निघू नकोस. हा कागद फक्त बरं होण्याची आशा नसलेल्या असाध्य अवस्थेसाठी आहे, तेही रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांच्या मतानंतर. रोजच्या औषधांबद्दल तो काही बोलत नाही.

दुसरा कागद मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ खालचा. मानसोपचाराचे निर्णय घ्यायची वेळ आल्यास नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे बाबांनी साध्या कागदावर लिहून सही करायची, बस.

यातलं काहीच वेळेत झालं नाही तर उरतो मुंबई उच्च न्यायालयाचा रस्ता. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली अर्ज करून पालक नेमून घ्यायचा. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, बाकी वारसांची ना-हरकत शपथपत्रं, सगळं जोडायचं. न्यायालयं असे पालक नेमतात, पण वेळ जातो, पैसा जातो, आणि एक जरी वारस अडून बसला तर जास्तच.

येत्या सोमवारी सकाळी आई-बाबांना घेऊन बँकेत जा. मुदत ठेवींच्या मूळ पावत्या, तिघांची आधार आणि पॅन कार्डं सोबत ठेव. बाबांचा चष्मा विसरू नकोस.

तुझी,
काकू