कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

प्रश्न: काका, मी मारेगाव तालुक्यातल्या खेड्यात राहतो. नुकतीच बारावी दिली. दीड वर्षापूर्वी जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे : आय-५ १०४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीच्या दोन रॅम. गेम लावला की वीस-पंचवीस मिनिटांत चित्र जागच्या जागी थांबतं, आवाज 'घर्रर्र' असा एकसुरी लागतो आणि बटण दाबूनच बंद करावा लागतो. टायपिंग, यूट्यूबला काही होत नाही. दिवाळीपर्यंत ठीक होता. आताही रात्री अकरानंतर दोन-दोन तास चालतो, दुपारी मात्र हमखास अडकतो. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवीन घ्या. पण भाव वाढेल म्हणून बाबांनी यंदाचा कापूस विकला नाही, तो माझ्याच खोलीत भरला आहे. त्यामुळं पैसे मागायची सोय नाही. काय करू?

उत्तर: बाबू, तू कापूस पैशाच्या अडचणीत सांगितलास. मला तो कॉम्प्युटरच्या दुखण्यात दिसतो आहे. दिवाळीपर्यंत ठीक होता म्हणतोस, आणि दिवाळीनंतरच खोलीत कापूस आला असणार. कार्ड खरंच मेलं असतं तर त्यानं रात्रीचे अकरा वाजायची वाट पाहिली नसती.

माझं दुकान वणीला. इथं कॅबिनेट उघडलं की कोळशाची काळी भुकटी निघते, आणि जिनिंगच्या काट्यावरचा कॉम्प्युटर आला की पांढरी गादी. वाईट ती पांढरीच. भुकटी फुंकर मारली की उडते. कापसाचे तंतू एकमेकांत गुंततात आणि प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालची ॲल्युमिनियमची जाळी यांच्या मधोमध चिकटून बसतात. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ, फिरतोही गरगर, पण खाली हवा जातच नाही. म्हणून पंखा काढून बघ. कार्डाच्या पंख्यांच्या आतही टॉर्च मार.

साफ करताना प्लग काढून ठेव आणि कॅबिनेट अंगणात ने. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापर. हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेव, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. पंखा जाळीसकट उचलावा लागला, तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता जाळीत पोचवणारा लेप) पुसून वाटाण्याएवढी नवी लाव. जास्त लावली म्हणजे जास्त थंडावा, असं नसतं.

आता दुपारचं. खोली ३० अंशांवरून ४२ वर गेली की आतल्या तापमानाचे आकडेही जवळपास तेवढेच, म्हणजे १२ अंशांनी वर सरकतात. तुझ्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथं पोचला की तो आपणहून वेग कमी करतो, त्यानंही भागलं नाही तर कॉम्प्युटर बंद पडतो. गोठून बसणं हे त्याचं लक्षण नाही. म्हणून माझा जास्त संशय कार्डाच्या तापण्यावर आणि एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर आहे. कार्डाचा मुख्य आकडा बरा दिसला तरी बाजूची मेमरी त्याहून गरम असू शकते. साफसफाईनंतर एचडब्ल्यूइन्फो हा फुकटचा प्रोग्राम टाक, त्यात नोंद फाईलमध्ये लिहायची सोय आहे. ती चालू करून गेम खेळ. अडकला तरी फाईल राहते. तिच्या शेवटच्या चार-पाच ओळी वाच, तापमान तिथं कळेल.

अडकल्याबरोबर बटण दाबून बंद करू नकोस. आधी कॅप्स लॉक दाब. दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर जिवंत आहे, फक्त गेम किंवा चित्र अडकलं आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाब; ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. चित्र परत आलं तर ड्रायव्हर काढून नवा टाकून बघ. दिवा मेलाच असेल तर रॅम, वीज किंवा उष्णता. रॅम एकेक काढून, सोनेरी पट्टीवर खोडरबर हळूच फिरवून, एकाच कांडीवर खेळून बघता येईल. कार्ड काढून चालवून बघ, असं मी एरवी सांगितलं असतं, पण तुझ्या प्रोसेसरच्या नावापुढचा एफ म्हणजे त्याच्यात स्वतःचं डिस्प्ले नाही. कार्ड काढलं की पडदा काळा.

रात्री बरा चालण्याला आणखी एक कारण असू शकतं. दुपारी डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, गावभरचे कूलर लागलेले असतात, व्होल्टेज पडतं. वायरमनकडून मल्टिमीटर आण आणि गेम चालू असताना बोर्डावर मोज. २३० च्या आसपास हवं. १८० च्या खाली येत असेल तर स्वस्तातला एसएमपीएस तिथं दम सोडतो. उष्णता की वीज, हे ओळखायला पहाटे पाच वाजता खेळून बघ, तेव्हा दोन्ही बरे असतात. मग दुपारी खेळ, पण कॅबिनेटचं झाकण काढून, समोर साधा टेबल फॅन लावून. तेवढ्यानं चाललं तर उष्णता, नाही चाललं तर बहुधा वीज. डेझर्ट कूलर तोंडासमोर लावू नकोस, त्याची ओली हवा पट्ट्यांना गंज आणते.

आणि हे गेमपेक्षा महत्त्वाचं. कापसाच्या ढिगाशेजारी तापलेला एसएमपीएस आणि तीन प्लग खोचलेला एक्स्टेंशन बोर्ड ठेवू नये. एक ठिणगी पुरे. कॉम्प्युटर आजच दुसऱ्या खोलीत, नाहीतर निदान ओसरीवर हलव. बाबांना नवीन कार्डाचं बोलू नकोस, हे मात्र सांग. ते लगेच ऐकतील.

जागा बदलून आणि जाळी साफ करूनही दुपारी अडकला, तर नोंदीच्या शेवटच्या ओळी आणि मोजलेलं व्होल्टेज लिहून पाठव. कापूस निघाल्यावर खोली झाडशील तेव्हा कॉम्प्युटर आत नेऊ नकोस, धूळ बसायला एक दिवस जाऊ दे.